जपाला सबस्क्रिप्शन कशाला?

पुण्यात चार आयटीवाले जमले की पूर्वी फ्लॅटच्या हप्त्यांवर गप्पा व्हायच्या, आता मेडिटेशनवर होतात. त्यातही 'मंत्र मेडिटेशन' सध्या जोरात आहे. अ‍ॅप घ्या, हेडफोन लावा, डोळे मिटा, मंत्र मनातल्या मनात म्हणा आणि रोजच्या हजेरीची हिरवी खूण मिळवा. एक दिवस चुकला की मोजणी परत शून्यावर! बहुतेकांची गाडी आठवड्याभरात एकाच वाक्यावर येऊन अडते... "यार, माझं मनच लागत नाही."

माझं स्पष्ट मत आहे की दोष मनाचा नाही, पद्धतीचा आहे. नवशिक्याला एकट्याने, गप्प बसून जप करायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या मधोमध सोडणं. मनातल्या मनातला जप ही पुढची पायरी झाली. पहिली पायरी बघायला ऋषिकेशला जायची गरज नाही. आमच्या अर्धापूरला या.

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर अर्धापूर लागतं. लोकांना ते केळीसाठी माहीत. पण या भागात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात, हे पुण्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. असे सात दिवस. आणि या सात दिवसांत वीणा खाली ठेवायची नाही. पहारे ठरलेले असतात, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर चोवीस तास सपोर्ट, शिफ्टच्या हँडओव्हरसकट. फक्त अप्रेझल नाही :-)

यातला हरिपाठ नवशिक्याच्या नजरेने बघा. ज्ञानदेवांचा हरिपाठ २७-२८ अभंगांचा. अर्ध्या-पाऊण तासात होतो. समोरासमोर दोन रांगा, हातात टाळ, नसतील तर टाळ्या. एका बाजूने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. समोरची रांग म्हणत असते तेव्हा तुम्ही श्वास घेता, तुमची पाळी आली की तो लांबवर सोडता. 'आता श्वासाकडे लक्ष द्या' असं कुणी सांगत नाही, श्वास आपोआप तालात येतो. हाताला काम, पायाला काम, तोंडाला काम. मन भटकतंच. ऑफिसच्या मेलवर जाऊन येतं. पण परत येतं तेव्हा रांग पुढे गेलेली असते. पुढची ओळ पकडायची, झालं. अपराधी वाटून घ्यायला फुरसतच नसते. पाठ नसलं तरी चालतं. पहिल्या दिवशी धृपद येतं, चौथ्या दिवशी निम्म्या ओळी तोंडात बसलेल्या असतात.

१९७५ साली हार्वर्डच्या डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी 'द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' या पुस्तकात जवळपास हेच सांगितलं... एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणा, मन भरकटलं तर त्रागा न करता परत त्या शब्दावर या. आमच्याकडे त्रागा न करण्याची सोय रांगेतच करून ठेवलेली आहे.

आता जरा त्या 'सायन्स'बद्दल. ॐची म्हणे अमुक हर्ट्झ फ्रिक्वेन्सी असते आणि तीच विश्वाची फ्रिक्वेन्सी असते. मित्रांनो, आपण इंजिनिअरिंग केलंय ना? हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. पुरुषाचा आवाज ढोबळमानाने १००-१५० हर्ट्झला, बाईचा २०० च्या आसपास. म्हणजे तोच ॐ आजोबांनी म्हटला तर एक फ्रिक्वेन्सी आणि नातीने म्हटला तर दुसरी. फ्रिक्वेन्सी शब्दाची नसते, गळ्याची असते. हे ज्याला कळत नाही त्याला एम-थ्रीमध्ये केटी लागायला हवी होती.

खरा अभ्यास हवा असेल तर तोही आहे. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवरचा प्रयोग छापला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. नुसत्या गप्पा मारताना तसं झालं नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावरून रोग बरे होतात असं कुणी म्हणू नये. पण दोन धर्मांच्या दोन वेगळ्या शब्दांनी एकच परिणाम दिला, याचा अर्थ विकत घेण्यासारखा 'खास तुमच्यासाठी निवडलेला' मंत्र वगैरे काही लागत नाही.

"पण आम्ही देव मानत नाही"... नका मानू. लय मानता ना? तेवढं पुरे आहे. आणि शब्दांचं म्हणाल तर आमच्या भागाने ते कधीच एका कुंपणात ठेवले नाहीत. हिंगोलीजवळच्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्याच ग्रंथाला गुरु गोविंदसिंगांनी गुरुपद दिलं ते १७०८ साली नांदेडला. तिथल्या गुरुद्वारातही कीर्तनच चालतं, तेही मोठ्याने, सगळ्यांनी मिळून.

सप्ताहाची आरती ओवाळायचा माझा इरादा नाही. पुढाऱ्यांचे फ्लेक्स, कर्ण्यांच्या भिंती, शेजारी परीक्षेला बसलेली पोरं... हे सगळं मलाही खटकतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, सवलतीच्या मोजक्या दिवशीही मध्यरात्रीपर्यंतच. मुळात टाळ-मृदंगाला कर्णा लागतच नाही. कर्णा आला की गाव ऐकतं आणि चौघेच म्हणतात, म्हणजे पुन्हा हेडफोनसारखंच, एकतर्फी.

आपण महिन्याला पैसे भरतो ते मंत्रासाठी नाही, शेजारी कुणी नाही म्हणून. एकटेपणावर उपाय म्हणून आणखी एकटं बसायचं, हे कसलं लॉजिक?

असो. करायचं काय ते सांगतो. सोसायटीत तिघं-चौघं गोळा करा, क्लब हाऊस नाहीतर गच्ची गाठा. हरिपाठ घ्या, नसेल पटत तर दुसरं काहीही घ्या, पण दोन रांगा करा, मोठ्याने म्हणा, टाळी द्या. अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस. बेसूर आवाजाची लाज पहिल्या दिवशी वाटेल, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा आवाज त्याहून बेसूर निघेल. मोजणी कुणी ठेवायची नाही. एखादा आला नाही तर त्याला नोटिफिकेशन नको, फोन करा.