उजेडाच्या हिशेबाने एडिनबरा

डिसेंबरच्या उत्तरार्धात एडिनबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. म्हणून या अंकातली सहल आम्ही उजेडाच्या हिशेबाने आखली आहे. सकाळी किल्ला, मग रॉयल माइलच्या उतारावरून सेंट जाइल्स चर्च पाहत होलीरूड राजवाड्यापर्यंत पायी. दिवस कलू लागला की राष्ट्रीय संग्रहालय. तिथे प्रवेश मोफत आहे. किल्ल्यावर १८६१पासून दुपारी एकला उडणारी तोफ रविवारी शांत असते. नाताळात अनेक ठिकाणं बंद असतात, तेव्हा वेळा आधीच तपासा. १९९५मध्ये जागतिक वारसा ठरलेलं हे शहर घाईने उरकू नका. थोडंच पाहा, पण मनापासून पाहा.