तोफची झोपले नव्हते

चेन्नईत पोस्टिंग झालेल्या फौजीला कुणीतरी एमडेनची गोष्ट ऐकवतंच. 22 सप्टेंबर 1914च्या रात्री ही जर्मन क्रूझर मद्रासपुढे आली, बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटवल्या आणि निघून गेली. तमिळमध्ये आजही बेरकी माणसाला 'एमडन' म्हणतात. गोष्टीच्या शेवटी हमखास हशा पिकतो: "आणि किनाऱ्यावरचे तोफची झोपले होते!"

हे साफ खोटं आहे. किनाऱ्यावरच्या तोफांनी उत्तर दिलं होतं. गोळे लागले नाहीत, हे खरं. पण ते का लागले नाहीत, हे कुणी विचारत नाही.

एमडेन 10 सप्टेंबरपासून बंगालच्या उपसागरात जहाजं पकडत होती. महिन्याच्या मध्यापर्यंत कलकत्त्याला ते कळलंही होतं. तरी 22 तारखेला मद्रासचं दीपगृह, जे तेव्हा हायकोर्टाच्या इमारतीवर होतं, नेहमीसारखं तेवत होतं. शहरात दिवे झगमगत होते. कॅप्टन फॉन म्युलरला नेम धरायला आणखी काय हवं होतं? त्याने जवळ येऊन सर्चलाइट टाकला, सव्वाशेच्या आसपास गोळे झाडले आणि जेमतेम अर्ध्या तासात तो अंधारात नाहीसा झाला. तेवढ्या वेळात तोफचीने काळ्या पाण्यावर पल्ला मोजायचा, तोही आधी इशारा नसताना!

बॅटरी म्हणजे नुसत्या नळ्या नव्हेत. टेहळणी, निरोप आणि हुकूम यांच्याशिवाय तोफ म्हणजे लोखंडाचा ओंडका. पुरावा हवा? 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांवरच्या तारघराने अनोळखी जहाज पाहिलं आणि लगेच बिनतारी संदेश सोडला. जवळच असलेली ऑस्ट्रेलियाची सिडनी धावून आली आणि एमडेन संपली. ते सगळं तारघराच्या जागेपणामुळे घडलं.

2008 साली 'कुबेर' नावाच्या मच्छीमार बोटीतून मारेकरी मुंबईच्या किनाऱ्याजवळ आले. तेव्हा आपल्याकडे तोफा कमी होत्या का? डोळे कमी पडले. तरीही दर वेळी बोट दाखवलं जातं ते शेवटच्या चौकीवरच्या जवानाकडे. इशारा ज्याच्या टेबलावर पडून राहिला, त्याचं नाव गोष्टीत येतच नाही.

हायकोर्टाच्या भिंतीवर एमडेनच्या गोळ्याची आठवण सांगणारी पाटी आहे. उत्तर देणाऱ्या तोफचींच्या वाट्याला विनोद आला. माजी सैनिकांनो, पुढच्या वेळी कुणी हसलं तर एवढंच विचारा: दीपगृह कुणी चालू ठेवलं होतं?