लेखणी एकाची, नाव दुसऱ्याचे

महाभारताच्या लेखनाची कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. लेखणी मध्येच थांबवावी लागणार नसेल तरच लिहीन, अशी अट गजाननाने घातली. आणि अर्थ उमगल्यावाचून एकही श्लोक लिहावयाचा नाही, अशी उलट अट व्यासांनी घातली. सांगणारा आणि लिहिणारा यांच्यातील, आपल्या परंपरेला ठाऊक असलेला हा आद्य करार. त्यातील अटी उघड आहेत आणि लिहिणाऱ्याचे नावही कोणी झाकलेले नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ चा निर्देश येतो, तेथेच ती उतरून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचाही आदराने उल्लेख येतो. ज्यांनी केवळ ऐकले आणि लिहिले त्यांनाही आपल्या पूर्वजांनी विसरू दिले नाही. आज मात्र ज्यांनी रचना केली, भाषा दिली, विस्कळीत आठवणींतून ग्रंथ उभा केला, त्यांना पैसे मोजून अंधारात बसविले जाते. हा पालट आम्हांस भूषणावह वाटत नाही.

अनुभव एकाचा आणि शब्द दुसऱ्याचे असण्यात पाप नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ज्याने कारखाना उभारला, मैदान गाजविले किंवा तुरुंगवास भोगला, त्याला लिहिताही आले पाहिजे असा काही सृष्टीचा नियम नाही. अशा माणसाने लेखकाचे साहाय्य घेतले तर वाचकांचा लाभच होतो. दोष साहाय्यात नाही; दोष आहे तो लपवाछपवीत. ज्या दिवशी दोघे मिळून एक गोष्ट जगापासून लपवू लागतात, त्या दिवसापासून दोघेही एकमेकांचे ओलीस होतात.

फ्रान्समधील अलेक्झांडर द्यूमा आणि त्याचा सहकारी ऑग्युस्त माके यांचे उदाहरण घ्या. ‘थ्री मस्केटिअर्स’ १८४४ साली गाजली आणि पुढच्याच वर्षी माकेने कादंबऱ्यांवरील हक्क सोडल्याचे पत्र द्यूमाला लिहून दिले. स्नेह होता तोवर ते पत्र पुरले. पुढे पैसे थकले, स्नेह आटला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १८५८ साली माकेच्या पदरी पैशाचा हक्क पडला. सहलेखक म्हणून नाव मात्र मिळाले नाही. ज्याने स्वहस्ते नाव सोडले होते, त्यालाच अखेर नावासाठी झुरावे लागले. पैशाची भूक भागते, नावाची भागत नाही.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेचे. जॉन केनेडी यांच्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ या ग्रंथास १९५७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षअखेर एका पत्रकाराने दूरचित्रवाणीवर तो ग्रंथ दुसऱ्याने लिहिल्याचा आरोप केला. केनेडींचे साहाय्यक टेड सोरेन्सन यांनी प्रतिज्ञेवर त्याचा इन्कार केला. मात्र २००८ साली स्वतःच्या आठवणी लिहिताना, बहुतेक प्रकरणांचा पहिला खर्डा आपला होता, हे त्यांनी मान्य केले. स्वामिनिष्ठा म्हणून अर्ध्या शतकाचे हे मौन थोर खरे. पण त्या निष्ठेची किंमत कोणी मोजली? धैर्याचे गुणगान करणारा ग्रंथ विश्वासाने विकत घेणाऱ्या वाचकाने!

विश्वास तुटतो तेव्हा काय होते, याचे दाखले अगदी अलीकडचे आहेत. ज्युलियन असांज यांनी आत्मचरित्राचा करार केला, अँड्र्यू ओहेगन यांच्याशी बसून दीर्घ मुलाखती दिल्या आणि मग पुस्तकच नको म्हटले. प्रकाशकाने २०११ साली ते त्यांच्या इच्छेविरुद्ध काढले. आणि २०१४ साली ओहेगन यांनी पडद्यामागचा सारा वृत्तांत दीर्घ निबंधात मांडला. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ‘द आर्ट ऑफ द डील’ या १९८७ च्या पुस्तकावर टोनी श्वार्ट्झ यांचेही नाव होते आणि उत्पन्नात निम्मा वाटा होता. तरीही २०१६ साली श्वार्ट्झ यांनी, आपण या माणसाचे खोटे गोजिरे चित्र रंगविले, असा जाहीर पश्चात्ताप केला. आणि ट्रम्प यांच्या वकिलाने दिलेले पैसे परत मागितले.

येथे एक आक्षेप रास्त आहे. मोल घेतले, मग तोंड का उघडावे? ज्याच्या घरी बसून त्याची सुखदुःखे ऐकली, ती चव्हाट्यावर मांडणे हा विश्वासघात नव्हे काय? आमचे मत असे की, येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. विश्वासाने सांगितलेले खाजगी गुपित लेखकाचे नव्हे. ते त्याने मरेपर्यंत राखले पाहिजे. परंतु लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यात स्वतःचा जो हात होता, त्याची कबुली देणे हा त्याचा हक्क आहे. किंबहुना कर्तव्य आहे. पहिले सांगणारा चुगलखोर ठरेल; दुसरे सांगणाऱ्यास आम्ही तसे म्हणणार नाही.

आपल्याकडे कायदा या बाबतीत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकच असतो; पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाकडून हक्क घ्यावयाचा तर तो लेखी व स्वाक्षरीनिशी घ्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर असा करार पाच वर्षांचाच धरला जातो. आणि कलम ५७ असे सांगते की, हक्क विकल्यानंतरही ‘हे माझे लेखन’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाजवळ उरतो. चहाच्या पेल्यावर ‘तुम्ही लिहा हो, मग बघू’ म्हणणाऱ्यांनी आणि ते ऐकून लिहावयास बसणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवावे.

मराठीत यावर सोपा उपाय आधीच आहे. ‘शब्दांकन’ हा सुंदर शब्द आपण घडविला आहे आणि अनेक आत्मकथनांवर तो सन्मानाने छापलेला असतो. त्याने कोणा कथनकर्त्याची उंची कमी झाल्याचे ऐकिवात नाही. आमची मागणी एवढीच की, जो ग्रंथ दुसऱ्याने रचला त्यावर हा शब्द आणि त्यापुढे नाव छापलेच पाहिजे. मोबदला किती, अखेरचा शब्द कोणाचा, मध्येच बिनसले तर टिपणे कोणाची आणि नाव कोठे, या चार गोष्टी पहिल्या बैठकीतच कागदावर याव्यात. व्यास-गजाननांनीही अटी आधी ठरविल्या, लेखणी मागाहून उचलली.

जीवन ज्याचे त्याच्या नावे असू द्या. पण वाक्ये ज्याची, त्याचे नाव पुसू नका. ज्या पुस्तकाचे पहिले पानच खोटे बोलते, त्याच्या उरलेल्या पानांवर वाचकाने विश्वास का ठेवावा?