रस्ता कोणासाठी?

मुलांनो, आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटर लांबीचा हा रस्ता 2025 साली पूर्ण झाला. नागपूरहून मुंबईला आता मोटारीने सुमारे 8 तासांत जाता येते. मग दोन हजार वर्षांपूर्वी लोक कसे प्रवास करीत असतील?

त्या काळी रोमचे साम्राज्य फार मोठे होते. रोमन लोकांनी दगडांचे पक्के रस्ते बांधले आणि कडेला अंतर दाखविणारे दगड उभे केले. बादशहा ऑगस्टसने सरकारी डाक सुरू केली. डाक म्हणजेच टपाल. वाटेतील चौक्यांवर थकलेली जनावरे बदलून पुढे जाता येई. परंतु ही सोय सरकारी कामासाठी होती. त्यासाठी परवाना लागे. सामान्य माणसाला पत्र पाठवायचे असेल, तर त्या गावी जाणारा मुसाफिर शोधावा लागे.

याच रोमन जगाशी आपल्या महाराष्ट्राचा व्यापार चाले. पहिल्या शतकातील एका ग्रीक पुस्तकात पैठण आणि तेर यांची नावे आहेत. इजिप्तची जहाजे मोसमी वाऱ्यांच्या मदतीने भडोच बंदरात येत. भडोचहून पैठण 20 दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर आणखी 10 दिवसांच्या वाटेवर होते. तेरचे कापड गाड्यांतून बंदराकडे जाई. काही व्यापारी जुन्नरजवळच्या नाणेघाटातून कोकणात उतरत. तेथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. वाटसरूची तहान कोणाच्या तरी ध्यानात होती!

माझ्या मते, रस्त्याचे मोठेपण केवळ वेगात नाही. वेग हवाच, आजारी माणसाला लवकर दवाखान्यात नेता येते. पण 1 जुलै 2023 रोजी आपल्याच तालुक्यात, याच महामार्गावर, बसच्या अपघातात 25 प्रवासी प्राणास मुकले. वेगाबरोबर सावधगिरी नसेल, तर तो वेग काय कामाचा?

शिवाय महामार्गावर पायी चालणाऱ्यांना व दुचाकींना मनाई आहे. शाळेत येणारी मुले, शेतकरी आणि मजूर गावच्या रस्त्यानेच जातात. त्या रस्त्यावरही पायी चालायला जागा, झाडांची सावली आणि प्यायला पाणी असले पाहिजे. सर्वांत दुबळा मुसाफिर ज्या रस्त्याने सुखरूप घरी पोहोचतो, तोच रस्ता चांगला.

वाटेत दगड दिसला, तर तो बाजूला करा. एवढे तर आपल्या हाती आहे.