मुंबई दर्शन : आमचे आणि त्यांचे

डिसेंबर उजाडला की डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत पाहुण्यांची वर्दळ सुरू व्हायची. नांदेड, परभणी, अकोला, बुलढाणा अशा कुठल्या कुठल्या गावांहून पांढऱ्या साडीतल्या आया-बहिणी, कडेवर लेकरे आणि हातात भाकरीचे गाठोडे घेऊन यायच्या. एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामायिक. तरीही 'आमच्याकडे जागा नाही' असे कुणी म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही. मधल्या पॅसेजमध्ये सतरंज्या पडत, स्टोव्ह पेटत आणि रात्री उशिरापर्यंत भीमगीते चालत.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन होई. ७ तारखेला पाहुणे म्हणत, आता मुंबई दाखवा. मग आम्ही चाळीतली शिकलेली पोरे मोठ्या ऐटीत त्यांना गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, हाजीअली आणि म्हातारीचा बूट दाखवून आणत असू. आम्ही कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. परभणीकडच्या एका आत्याला असेच दिवसभर फिरवले. परत येताना परळला बसमधून उतरलो तेव्हा आत्या म्हणाली, "लेकरा, बाबासाहेब राहत व्हते ती चाळ हितंच कुठंतरी हाय म्हन्तेत. तेवढी दाव की."

आम्हाला ती ठाऊक नव्हती. आमच्या घरापासून पायी जाता येईल इतक्या जवळ बाबासाहेबांचा बावीस वर्षांचा संसार झालेली चाळ होती. आम्ही परळमध्ये लहानाचे मोठे झालो होतो, 'जयभीम' म्हणत होतो, राज्यघटनेवर परीक्षा देत होतो, आणि त्या चाळीचा रस्ता आम्हाला माहीत नव्हता. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते तिला आमच्यापेक्षा अधिक माहीत होते. ती लाज आजही गेलेली नाही. म्हणून आज हा विषय समाजापुढे मांडतो आहोत.

एखाद्या शहरात 'पाहण्यासारखे' काय आहे, हे कोण ठरवते? ज्याच्या हाती सत्ता, पैसा आणि लेखणी असते तो ठरवतो. मुंबईत राजाच्या स्वागताची कमान पाहण्यासारखी ठरते, सिनेनटांचे बंगले बसमधून बोट दाखवून सांगितले जातात. पण ज्या चाळींत गिरणी चालवणारे हात राहिले आणि जिथे या देशाच्या घटनेचा शिल्पकार घडला, त्या चाळी 'पाहण्यासारख्या' ठरत नाहीत. २०१८ मध्ये फोर्ट परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात मुंबई उच्च न्यायालयाची इमारतही आहे. आनंदच आहे. परंतु त्या इमारतीपुढे उभे राहून कमानी आणि मनोरे दाखवणाऱ्या किती मार्गदर्शकांना सांगावेसे वाटते की, १९२३ साली सनद घेऊन याच न्यायालयात एका अस्पृश्य बॅरिस्टरने पाऊल ठेवले, आणि त्याच्याकडे पक्षकार जायला कचरत होते? दगड दाखवायचा आणि माणूस झाकायचा, ही इथल्या प्रस्थापित पर्यटनाची जुनी रीत आहे.

म्हणून आम्ही आमचे मुंबई दर्शन डिलाईल रोडपासून सुरू करतो. या रस्त्याचे आजचे नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी हे कामगार चळवळीचे आद्य पुढारी, १९२० साली स्थापन झालेल्या आयटकचे एक संस्थापक. त्याच वर्षी इंग्रज सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट स्थापन केले. बीडीडी हे नाव तिथून आले. या खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे कामगारांसाठी सिमेंटच्या २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी ३२ डिलाईल रोडला. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेला आमचा समाज या खोल्यांत राहिला आणि गिरणीत राबला.

पण गिरणीतही जात भोंग्याबरोबर आत शिरत होती. आमच्या लोकांना सूतखात्यात काम मिळे, साचेखात्यात मिळत नसे. साच्यावर पगार जास्त होता. कारण काय, तर धोट्यात कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेल्या धाग्याला हात लावायला सवर्ण कामगार तयार नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला : मालकाकडून हक्क मागता, मग तुमच्या शेजारच्या कामगाराचा हक्क का नाकारता? पुढे १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. परळच्या कामगार मैदानावर त्या दिवशी लाल बावटा आणि आमचा समाज एकत्र आला होता. ज्याला हे ठाऊक नाही त्याला डिलाईल रोडवर फक्त मॉल दिसतो.

डिलाईल रोडवरून पूल ओलांडून परळला गेले की दामोदर हॉलची जागा लागते. हे सभागृह ना. म. जोशींच्याच सोशल सर्व्हिस लीगचे. ९ मार्च १९२४ रोजी इथे बाबासाहेबांनी सभा घेतली, त्यातून २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि तिची कचेरीही इथेच होती. महाडच्या चवदार तळ्याकडे जाणारी वाट या सभागृहातून निघाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तिथून जवळच पोयबावडीची बीआयटी चाळ क्रमांक १. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. १९१२ ते १९३४ हा बाबासाहेबांच्या कुटुंबाचा इथला काळ. विलायतेतले शिक्षण, 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', महाड, नाशिक, गोलमेज परिषद, हे सारे घडत असताना माता रमाईचा संसार या दोन खोल्यांत चालला होता. पोटची लेकरे गेली, पतीची वाट पाहण्यात वर्षे गेली, ती इथेच. राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला परळच्या याच चाळीत आले. एक छत्रपती चाळीचा जिना चढून एका महाराच्या घरी जातो, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली केवढी मोठी घटना! आत्याला ही चाळ आम्ही दुसऱ्या दिवशी विचारत विचारत दाखवली. तिने जिन्याच्या पायरीला हात लावला, कपाळाला लावला आणि काही बोलली नाही.

पुढे जाऊ तसतसा हा इतिहास दाट होत जातो. याच परळच्या कामगार वस्तीत १९३७ मध्ये धर्मानंद कोसंबींनी बहुजन विहार सुरू केला. म्हणजे १९५६ च्या धम्मक्रांतीआधी एकोणीस वर्षे गिरणीच्या भोंग्याखाली बुद्धाचे नाव घेतले जात होते. याच परळमध्ये १० जानेवारी १९७४ च्या मोर्चात पँथर भागवत जाधव शहीद झाले. पुढे नायगावच्या चाळी, दादरला आंबेडकर भवन, आणि हिंदू कॉलनीतले राजगृह. माणसांसाठी बांधतात तसेच पुस्तकांसाठी बांधलेले हे घर. तळमजल्यावरच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू पाहता येतात. याच घरात २७ मे १९३५ ला रमाईने देह ठेवला. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तीही इथूनच. पोयबावडी, परळ, एल्फिन्स्टनचा पूल, गोखले रोड अशी ती दादरच्या समुद्राकडे गेली, आणि चितेसमोरच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखाच्या वर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. भय्यासाहेबांच्या प्रयत्नाने उभा राहिलेला आणि १९७१ मध्ये खुला झालेला चैत्यभूमीचा स्तूप हा या वाटेचा शेवट आहे. आम्ही पाहुण्यांना फक्त शेवट दाखवतो, वाट दाखवत नाही.

आणि आता ती वाटच पुसली जात आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांच्या प्रेसची वास्तू बुलडोझरने पाडली गेली. १९ जुलैला समाज रस्त्यावर उतरला, पण पडलेली भिंत मोर्चाने उभी राहत नाही. दामोदर हॉल २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला. ज्या एल्फिन्स्टन पुलावरून बाबासाहेबांची अंत्ययात्रा गेली तो सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद करण्यात आला. डिलाईल रोडच्या चाळी जाऊन तिथे टॉवर उभे राहत आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांचा ताबा मिळाला.

इथे गैरसमज नको. आम्ही पुनर्विकासाच्या विरोधात नाही. चाळीचे गोडवे गाणारे बहुतेक जण चाळीत राहत नाहीत. सामायिक संडासापुढे पहाटे रांग लावलेल्या आमच्या आया-बहिणींना ५०० चौरस फुटांचे हक्काचे घर मिळत असेल तर तो उपकार नाही, तो तीन-चार पिढ्यांच्या घामाचा परतावा आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. घर मिळाले म्हणून इतिहास सोडून द्यायचा, असा सौदा कुणी केला? गिरण्या गेल्या तेव्हा जमिनीचा हिशेब झाला, आठवणींचा झाला नाही. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले होते. आज लोअर परळच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या मुलांना त्याची पुसट कल्पनाही नाही. आमचेही तसेच होणार काय?

कुणी म्हणेल, ६ डिसेंबर हा दुःखाचा दिवस, त्यात कसले पर्यटन? शिवाय बाबासाहेबांनी तीर्थयात्रांचे कर्मकांड नाकारले, मग ही नवी तीर्थे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण महापरिनिब्बान सुत्तात खुद्द तथागतांनी जन्म, संबोधी, प्रथम धम्मप्रवचन आणि परिनिर्वाण यांची चार स्थाने श्रद्धावानाने पाहावीत, असे सांगितले आहे. त्यांना दर्शनीय म्हटले आहे आणि संवेग उत्पन्न करणारीही म्हटले आहे. संवेग म्हणजे मन हलवून जागे करणे. पाप धुण्यासाठी जाणे वेगळे आणि जागे होण्यासाठी जाणे वेगळे. आमची आत्या त्या जिन्यापाशी पुण्य मिळवायला गेली नव्हती. एवढ्याशा जागेतून एवढा मोठा माणूस उठला, हे तिला डोळ्यांनी पाहायचे होते. परत जाऊन तिने आपल्या नातीला शाळेतून काढू दिले नाही, हे आम्हाला नंतर कळले.

शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. अलीकडे पर्यटन विभागाने डिसेंबरात बाबासाहेबांशी संबंधित स्थळांच्या मोफत सहली काढल्या, त्याचे स्वागत. इंदू मिलच्या स्मारकाचे ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झाले आणि दहा वर्षांनंतरही ते पूर्ण झालेले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. पण उंच पुतळा उभा राहिला म्हणून या लहान खोल्यांचे महत्त्व कमी होत नाही. उलट पुतळ्याची उंची कळायची असेल तर आधी खोलीचे माप कळले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, डिलाईल रोड, वरळी, नायगाव आणि शिवडी या प्रत्येक ठिकाणच्या नव्या संकुलात एक खोली १६० चौरस फुटांचीच, जुन्या मापाची, जुन्या सामानासह राखून ठेवा आणि ती कामगारांच्या आणि समाजाच्या इतिहासाला द्या. दोन, दामोदर हॉलच्या नव्या इमारतीवर बहिष्कृत हितकारिणी सभेचा आणि एल्फिन्स्टनच्या नव्या पुलावर अंत्ययात्रेचा फलक मराठीत लावा. तीन, मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. तिची यादी करताना वास्तूच्या नक्षीइतकेच तिथे घडलेल्या इतिहासाला वजन द्या. चार, या स्थळांची बस महापरिनिर्वाण दिनापुरती न ठेवता वर्षभर चालवा.

पण मागण्यांचा कागद सरकारच्या दारात ठेवून हात झटकणे ही बाबासाहेबांची शिकवण नाही. आपल्या विहारांनी आणि मंडळांनी काय केले? प्रत्येक विहाराने दहा मुले-मुली निवडून त्यांना हा रस्ता पाठ करायला लावावा. चाळीतल्या ऐंशी-नव्वदीतल्या माणसांची बोलणी मोबाईलवर नोंदवून ठेवावीत. ती माणसे टॉवरच्या ताब्याची वाट पाहत थांबणार नाहीत. खोल्या रिकाम्या करताना जुने फोटो, सभांची हँडबिले आणि समता सैनिक दलाचे बिल्ले भंगारात घालू नयेत. आणि चैत्यभूमीवर पुस्तके विकत घेण्यासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आपल्या गावाकडच्या माणसाला एक दिवस द्यावा : सकाळी डिलाईल रोड, मग परळ, पोयबावडी, नायगाव, राजगृह आणि संध्याकाळी चैत्यभूमी. हे अंतर पायी होते, तिकीट लागत नाही.

यंदा तुमच्या घरी पाहुणे येतील. ते गेटवे पाहायला जातील, जरूर जावोत, समुद्र सर्वांचा आहे. पण त्यांनी बाबासाहेबांची चाळ कुठे, असे विचारले, तर आमच्यासारखी मान खाली घालण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये. जयभीम!