सावलीचें ऋण

प्राचीन अवशेष थंडीच्या दिवसांत पाहावे, असें सर्वसाधारण मत आहे. आणि मुलांच्या प्रकृतीच्या दृष्टीनें तें योग्यच होय. तथापि एका वैशाखांत माझ्या चुकीनें जो धडा मिळाला, तो येथें सांगतों.

सांगलीहून विद्यार्थ्यांस घेऊन मी सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरावर गेलों. निघण्यास मीं उशीर केल्यामुळें चढावरच भर दुपार झाली. खडक तव्यासारखा तापला होता. एका मुलास घेरी आली. त्यास उचलून जवळच्या लेण्यांत नेलें. तेथील गारव्यांत घोट घोट पाणी पाजल्यावर तो सावध झाला.

मग आम्हीं सभोंवार पाहिलें. आंत बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेला दगडी ओटा, बाहेर खडकांतच खोदलेलें पाण्याचें टाकें. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीं या डोंगरांत माणसें राहत होतीं, हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें होतें. समजलें मात्र त्या दिवशीं.

त्याच भिंतीवर कोणीं कोणीं आपलीं नांवें कोरलीं होतीं. आमच्यांतील एकाच्या हातांतही खिळा होता. तो त्यानें निमूटपणें खिशांत घातला.

मुलांस अवशेष अवश्य दाखवावे. परंतु पहाटे निघून, डोक्यास टोपी व संगतीस पाणी देऊन. आणि जिनें सावली दिली त्या भिंतीवर ओरखडा काढणें म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणें होय, हें पालकांनीं घरींच शिकवावें.