अंगणात कोण बसते?

आमच्या निवासी शाळेत मूल येते ते पाचवीत. पत्र्याची पेटी, वळकटी आणि डोळ्यांत पाणी. त्याआधीची त्याची वर्षे आम्ही पाहिलेली नसतात. परंतु पंगतीत ते कुणाशेजारी बसते, पिंपापाशी मागे का रेंगाळते, यावरून ती पहिल्याच आठवड्यात दिसू लागतात. म्हणून या स्मरणिकेत आम्ही आमच्या शाळेच्याही आधीच्या शाळेविषयी, म्हणजे अंगणवाडीविषयी लिहीत आहोत.

खांब-कोलाड परिसरातील आपले अनेक पालक हल्ली तिसऱ्या वर्षीच मुलाला फी भरून नर्सरीत घालतात. हेतू निर्मळ आहे; ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश त्यांनी शिरोधार्य मानला आहे. पण ज्या बोटांना अजून भाताचा घास नीट उचलता येत नाही त्यांत पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेणे, यास आम्ही शिक्षण म्हणत नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. बालवाडी उघडली, परंतु दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती ही. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत हेच कार्य वाढले. तेथील दिनक्रम साधा होता. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, मोकळा खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, चिंचोके, पाने, खडे यांवरच रंग, आकार, लहानमोठे आणि मोजणी मुले शिकत. गुरे राखणाऱ्या मुलांमागे तर शाळाच कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले.

म्हणजे या संस्थेचा जन्म आपल्याच दारी झाला. तथापि, बोर्डीची ती मुले का फिरकली नसतील, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावे लागू नये. बालवाडी वस्तीत आली हे थोरच झाले. पण वस्तीची मुले गावच्या बालवाडीत बसणे राहूनच गेले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी वस्तीत आणून द्या, असे म्हटले नव्हते. ते स्वतः तळ्यावर गेले होते.

आमच्या मते अंगणवाडीचा खरा पाठ अक्षरांत नाही. तो एकाच पिंपाचे पाणी, एकच बस्कर आणि शेजाऱ्याच्या ताटलीशेजारी आपली ताटली यांत आहे. तीन वर्षांचे मूल हा पाठ दहा दिवसांत शिकते. दहा वर्षांच्या मुलास तो शिकविताना आमची दमछाक होते! आणि ज्यांच्या घरी पगार येतो अशा आपल्या कुटुंबांची मुले नर्सरीच्या गाडीत बसून गेली, की मागे उरतात कातकरी वाडीची मुले. बोर्डीला जे दुसऱ्यांनी केले, ते आज आपण करीत नाही ना?

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढल्या खेपेस गावी याल तेव्हा खाऊच्या वेळी अंगणवाडीत जरा डोकवा. सेविकाताईंना नमस्कार करा, पोषण आहार चाखा, आणि कोण कुणाशेजारी बसले आहे ते पाहून या.